पांढऱ्यावर पांढरं

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्ये उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं व्हायचं आहे. त्यामुळे सध्या माझी मोठी गंमत झाली आहे. उजव्या डोळ्याने पाहिलं तर धोतर पांढरं शुभ्र दिसतं आणि डाव्याने पाहिलं तर तेच धोतर चहात बुडवून काढल्यासारखं पिवळसर! इतकी वर्षं मी ज्याला पांढरं समजत होतो ते पांढरं नव्हतंच, हे वयाच्या शहात्तराव्या वर्षी कळलं. असो. हे सांगायचं कारण म्हणजे आजचा विषय पांढऱ्या रंगाचाच आहे.

झालं असं की धुळ्याहून पुतणीचा फोन आला. नाव लिहायचं नाही असं तिने बजावलं आहे. घरच्या मंडळींना कळेलच. ती कुरडया, बिबडे, नागलीचे पापड करून विकते. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे जावई गेले. त्यानंतर घर या कुरडयांवरच चाललं आहे. घरी सासूबाई आहेत, मुलगा अकरावीला, मुलगी आठवीला. आतापर्यंत माल ओळखीपाळखीत जायचा, पण ओळखी काही वाढत नाहीत आणि शाळेची फी मात्र वाढते. म्हणून तिने एका ऑनलाइन दुकानात नाव नोंदवलं. अन्न परवान्याचा तो चौदा आकडी नंबर मिळाला, पाकिटं छापून झाली आणि सगळं अडलं ते फोटोपाशी.

"आप्पा, तीनदा फोटो परत आला," ती म्हणाली. "म्हणतात पार्श्वभूमी पांढरी पाहिजे. आता कुरडई पांढरी, कागद पांढरा. करू तरी काय?"

मला फोटोतलं ओ की ठो कळत नाही. पण चौतीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस "मला येत नाही" असं पटकन म्हणत नाही. म्हटलं, "येतो."

पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. २०२२ पासून फुकट झाली आहे, त्यामुळे जायला काही कारण लागत नाही. जळगाव, पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर. मे महिना, खानदेशातला. खिडकीची काच लावली तर जीव गुदमरतो आणि उघडली तर तोंडावर झळा येतात. पण हेच ऊन कुरडईला लागतं. जे आपल्याला सोसत नाही त्यावर आपल्याकडच्या बायकांनी वर्षाची बेगमी करून ठेवली आहे.

देवपूरला तिच्या घरी पोचलो तेव्हा गच्चीवर कुरडया वाळत होत्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. (आमची अमेरिकेतली नातवंडं हे वाचतात म्हणे!) गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, गाळून चीक काढायचा. रात्रभर ठेवला की चीक तळाशी बसतो, वरचं पाणी ओतून द्यायचं. आधणात मीठ घालून चीक शिजवायचा, आणि शिजताना हात क्षणभर थांबवायचा नाही, नाही तर गुठळ्या होतात. मग गरम गरम चीक सोऱ्यात भरून गोल गोल पाडायचा. गार झाला की सोऱ्या फिरत नाही. त्यामुळे चटके खाण्यावाचून दुसरा मार्गच नसतो. चीक नीट शिजला की नाही हे तिच्या सासूबाई अजून नुसत्या वासावर सांगतात. वय ब्याऐंशी.

घरात फोटोचा संसार मांडलेला होता. स्टुलाऐवजी शिवणाचं मशीन, त्यावर पांढरा कार्डशीट, भिंतीवरून खाली वळवून आणलेला. घडी पाडायची नाही, वाकवायचा. म्हणजे भिंत कुठे संपली आणि टेबल कुठे सुरू झालं ते दिसतच नाही आणि वस्तू जणू अधांतरी उजेडात ठेवल्यासारखी वाटते. शेजारी उत्तरेची खिडकी. तिथून उजेड येतो, पण दुपारी थेट ऊन येत नाही. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा केलेला, म्हणजे उजेड त्यावर आपटून परत येतो आणि सावली मऊ होते. ट्यूबलाइट बंद. ती लावली की रंग बिघडतो. हे सगळं तिने मोबाइलवर बघून बघून शिकलेलं. मी आपला बघत राहिलो. वर्गात ही मुलगी असती तर मी हिला पहिल्या बाकावर बसवलं असतं असं वाटलं, आणि मग दुसरंही काही आठवलं. ते पुढे सांगतो.

"आता बघा," ती म्हणाली आणि फोटो काढला. कागद पांढरा शुभ्र, पण फोटोत मळकट करडा! मला वाटलं माझा डावा डोळा असेल. पण नाही. तिने समजावलं की कॅमेऱ्याचा हिशेब ठरलेला असतो. समोर जे काही असेल ते सरासरी करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. समोर सगळंच पांढरं आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला आणि तो आपणहून फोटो काळवंडवतो. म्हणून पडद्यावर बोट ठेवून तो सूर्याचा छोटा आकडा वर सरकवायचा. तसं केलं, कागद पांढरा झाला आणि कुरडई नाहीशी झाली! नुसत्या चार-दोन रेघा उरल्या.

बिबड्यांचे फोटो मात्र झकास आले होते. ज्वारीच्या बिबड्याचा रंग बदामी, त्यात तीळ आणि मिरचीचे लाल कण. पांढऱ्यावर ते असे खुलून दिसत होते की तळून खावेत. आपल्याकडच्या केळ्यांचं किंवा भरताच्या हिरव्या वांग्यांचंही तसंच होईल. अडचण फक्त पांढऱ्या वस्तूची.

मला हसू आलं. जुन्या माणसांत "पांढऱ्यावर काळं करता येतं का?" म्हणजे लिहिता-वाचता येतं का, असा अर्थ. मी जन्मभर काळ्यावर पांढरं केलं. पांढऱ्यावर पांढरं काढायची पाळी पहिल्यांदाच आली.

नियमही कडक आहेत बरं का. बऱ्याच मोठ्या ऑनलाइन दुकानांत पहिला फोटो शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवरच लागतो. शुद्ध म्हणजे किती, तर कॉम्प्युटरच्या हिशेबात लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही रंग २५५ पैकी २५५. त्या फोटोत वस्तू सोडून दुसरं काही नको. ताट नको, पळसाचं पान नको, हात नको. वस्तूने चौकटीचा बहुतेक भाग भरला पाहिजे. म्हणजे कुरडई आहे, पण गच्ची नाही, ऊन नाही आणि करणारी बाई तर नाहीच.

टेबलावर वस्तू मांडून फोटो काढायचा म्हटलं की आम्हा जळगावकरांना चाळीसगाव आठवतं. केकी मूस (१९१२-१९८९). इंग्लंडमध्ये कमर्शियल आर्ट शिकून आलेला हा पारशी माणूस मुंबईत दुकान थाटायचं सोडून चाळीसगावला स्टेशनजवळच्या आपल्या बंगल्यात राहिला आणि पुढची कित्येक दशकं जवळजवळ बाहेरच पडला नाही. त्यांची 'टेबलटॉप' छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, उजेड हवा तसा पाडायचा, की बघणाऱ्याला खराखुरा देखावा वाटला पाहिजे. तो बंगला आता कलादालन म्हणून जपला आहे. निवृत्तीच्या आधी एकदा मुलांची सहल घेऊन गेलो होतो. एक पोरगा म्हणाला होता, "सर, हे खोटं आहे ना, मग खरं का वाटतं?" मी काहीतरी उत्तर दिलं असेल. मूससाहेब टेबलावर अख्खं जग उभं करायचे आणि आमची पुतणी टेबलावरून जग पुसून टाकायला बसली होती. उजेड मात्र दोघांचाही सोबती!

तर कुरडईकडे वळू. मुलाने सुचवलं, "आई, अ‍ॅपने मागचं कापून टाकू." त्याने ते आधी केलंही होतं. पण कुरडई म्हणजे नुसती जाळी. अ‍ॅपला तारा कुठल्या आणि भोकं कुठली हे कळेना. त्याने निम्म्या तारा खाऊन टाकल्या आणि कुरडईला टक्कल पडल्यासारखं दिसायला लागलं. दुसऱ्या अ‍ॅपने जाळी नीट ठेवली, पण वर आपल्या मनाने कुरडई उजळूनही दिली. दुधासारखी पांढरी! तो फोटो तिने व्हॉट्सअ‍ॅपवर लावला होता. त्यावर पुण्याहून एका बाईंची दोन किलोची ऑर्डर आली. माल पोचला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, "फोटोत पांढऱ्या होत्या, या पिवळसर आहेत. जुन्या आहेत का?"

आता गव्हाच्या चिकाचा रंगच तो. किंचित साईसारखा. त्या बाईंचं चुकलं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते मागितलं. पुतणीने पैसे परत केले आणि तो फोटो काढून टाकला.

मी म्हटलं, "अगं, पण जरासं उजळलं तर काय बिघडतं? सगळेच करतात."

ती काही बोलायच्या आत दारात बसलेल्या सासूबाई वैतागल्या. मघापासून त्या आमचा खटाटोप बघत होत्या. अहिराणीत म्हणाल्या, "खावानी चीज से ती! इतला नखरा कसाले? लगीननी पोर से का?"

पुतणी हसली. खूप हसली. मग कुरडई कागदावर सरळ करता करता म्हणाली, "आप्पा, माझा फोटो असाच काढला होता ना?"

मंडळी, इथे मला थोडं मागे जावं लागेल. २००३ साल. ती एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मराठीत पहिली यायची. अक्षर असं की मी तिच्या वह्या माझ्या वर्गात नेऊन दाखवायचो. धुळ्याचं स्थळ आलं आणि माझ्या भावाने मला विचारलं, "तू शिक्षक आहेस, तू सांग. शिक्षण पूर्ण होऊ द्यावं का?" गावोगाव पालकसभांत "मुलींना शिकवा" म्हणून भाषणं ठोकणारा मी, त्या दिवशी म्हणालो, "स्थळ चांगलं आहे, हातचं सोडू नये. शिकेल की नंतर." आणि स्थळाला पाठवायचा फोटो काढायला तिला स्टुडिओत घेऊन गेलो तोही मीच. मागे कोरा पांढरा पडदा होता. आमची पोर सावळी, नाकीडोळी नीटस. फोटोग्राफर मला म्हणाला, "सर, कॉम्प्युटरवर जरा उजळ करून देऊ का? सगळे करतात." मी म्हणालो, "करा."

लग्न ठरलं आणि झालं. लग्नानंतर पहिल्या सणाला ती माहेरी आली तेव्हा माझ्या बायकोजवळ बोलली होती. सासरी पाऊल टाकलं त्या दिवशी सासूबाई चारचौघींत म्हणाल्या होत्या, "फोटोमा तं गोरी व्हती." बायकोने मला सांगितलं. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला नाही.

पुढे संसार चांगला झाला. जावई भला माणूस होता. सासू-सून दोघींनी मिळून त्याला निरोप दिला आणि आज दोघी मिळून एकाच परातीत चीक ढवळतात. त्या म्हातारीबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांनी जे पाहिलं तेच बोलल्या. पुण्याच्या बाईंसारखंच.

"फोटोत उजळ आणि हातात सावळी," पुतणी म्हणाली, "एकदा भोगलंय मी. या कुरडईच्या वाट्याला कशाला?"

तिने ते रागाने म्हटलं नाही. म्हणूनच मला जास्त लागलं. बावीस वर्षं जे बोललो नव्हतो ते मी बोललो. म्हटलं, "बेटा, त्या फोटोग्राफरला 'करा' असं मीच म्हणालो होतो."

"माहितेय," ती म्हणाली. "मी बाजूलाच उभी होते."

आणि मग, "आप्पा, तो थर्माकोल जरा धरा बरं, हलतोय."

मी थर्माकोल धरून उभा राहिलो. धरायला काहीतरी मिळालं याचं बरं वाटलं.

त्या दिवशी फोटो काही जमला नाही. जळगावला परत आल्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो लग्नाचे फोटो काढतो. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, "सर, चारी बाजूंनी पांढरं आहे म्हणून कडा दिसत नाहीत. समोरचा थर्माकोल काढा. मागे कागद पांढराच ठेवा, त्यावर उजेड जास्त पडू द्या. पण वस्तूच्या दोन्ही अंगांना, चौकटीच्या बाहेर, काळं काहीतरी उभं करा. पांढऱ्या वस्तूच्या कडेवर त्याची काळोखी उतरते. आणि उजेड वरून नको, बाजूने तिरका घ्या. मग प्रत्येक तार वेगळी दिसेल."

म्हणजे पांढऱ्याला पांढरं म्हणून दिसायचं असेल तर शेजारी काळं लागतं. फळ्याच्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं!

घरात माळ्यावर दोन दगडी पाट्या होत्या, लाकडी चौकटीच्या. हल्ली कोणी वापरत नाही, पण टाकवत नाहीत. स्वच्छ पुसल्या, टॉवेलात गुंडाळल्या आणि पुन्हा धुळ्याची एस.टी. धरली. कंडक्टरने विचारलं, "बाबा, पिशवीत काय एवढं जड?" म्हटलं, "शाळा."

पाट्या कुरडईच्या दोन्ही बाजूंना उभ्या केल्या. तिने फोटो काढला आणि काय सांगू, तीच कुरडई, तोच कागद, पण आता एकेक तार मोजता येत होती. कडेला बारीक करडी रेघ आली होती, जणू कोणी टोकदार पेन्सिलीने काढली आहे. मी आधी उजव्या डोळ्याने पाहिलं, मग डाव्याने. मग ताटातली खरी कुरडई फोनशेजारी धरून पाहिली. रंग सारखा होता. साईचा.

सासूबाईंना दाखवलं. त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला आणि एकच शब्द बोलल्या, "तीच से." तीच आहे. या फोटोला याहून मोठी पावती मिळाली नाही.

फोटो मंजूर झाला. पहिल्या आठवड्यात चार पाकिटं गेली. त्यातलं एक मी मागवलं होतं, हे तिला कळल्यावर ओरडा खाल्ला. पुढच्या महिन्यात एकोणतीस गेली. त्यात माझं एकही नाही. फार नाहीत, पण सुरुवात आहे. आणि आजवर कोणी रंगाची तक्रार केलेली नाही.

एक राहिलं. पहिला फोटो नुसत्या वस्तूचा लागतो, पण पुढच्या फोटोंना तशी सक्ती नाही. त्यात हात, भांडी, माणसं चालतात. मी म्हटलं, "सोऱ्या धरलेल्या हातांचा एक काढू या." ती नको म्हणाली. चटक्यांचे डाग आहेत म्हणाली. सासूबाईंनी मात्र न बोलता पदर खोचला, पाट ओढला आणि सोऱ्यात चीक भरायला बसल्या. मग ती पण बसली. एकीने सोऱ्या फिरवला, दुसरीने तो खालून तोलला. फोटो मी काढला. माझ्या आयुष्यातला पहिला बरा फोटो. जरा तिरका आला आहे. मुलगा म्हणाला, "आप्पा, सरळ करू का? डाग पण घालवता येतील."

आम्ही तिघंही एकदम "नको" म्हणालो.

ती आता मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरणार आहे, राहिलेल्या बी.ए.चा. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या मुलीने सांगितलं. पाट्या मी तिथेच ठेवून आलो. फोटोलाही लागतील आणि अभ्यासालाही.

असो. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात. नातेवाइकांनी कुरडयांसाठी मला फोन करू नये, थेट तिलाच करावा. आणि पैसे द्यावेत, "घरचंच आहे" म्हणू नये!